बुवा, त्या संध्याकाळी मी उभी का राहिले

बुवा, तुमच्यावर सगळ्यांचं लिहून झालं. पेपरांनी अर्धं अर्धं पान दिलं, रेडिओवाल्यांनी दिवसभर तुमच्या रेकॉर्डी वाजवल्या, आणि एकेकाळी तुम्हाला ‘केस उडवणारा हंगेरियन’ म्हणणाऱ्या त्या समीक्षकानं परवा ‘एक युग संपलं’ असं लिहिलं. युगबिग काही संपलेलं नाही. तुम्ही गेलात, एवढंच झालंय, आणि तेवढंच मला पुरून उरलंय.

मी आपली मराठीत लिहितेय. तुम्ही होतात तोवर सगळं बोलणं इंग्रजीत झालं, तुमच्या हंगेरियन इंग्रजीत आणि माझ्या दादरच्या इंग्रजीत. आता तुम्हाला कुठलीही भाषा चालेल असं मी धरून चालते. ऑर्केस्ट्रात तुम्ही कंडक्टर, सगळे तुम्हाला मायेस्ट्रो म्हणायचे. माझ्या आईनं मात्र तुम्हाला पहिल्याच दिवशी बुवा करून टाकलं. मोठ्या गवयाला आमच्याकडे बुवा म्हणतात, आणि तुम्ही न गाता, न वाजवता ते नाव मिळवलंत.

मला एकच सांगायचं राहिलंय. तुमच्या शेवटच्या कॉन्सर्टला अख्खा ऑर्केस्ट्रा तुमच्या मानासाठी बसून राहिला, आणि मी एकटी उभी राहिले. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि तोंड फिरवलंत. त्याआधी आपलं भांडण झालेलं. त्यानंतर आपण भेटलोच नाही. वर्षभर हे मी मनात घेऊन फिरतेय. तुम्हाला काय वाटलं असेल? हिनं शेवटच्या दिवशीही डाव साधला, असं वाटलं असेल का?

थांबा, पहिल्यापासून सांगते. मला मधूनच सुरुवात करायची खोड आहे, तुम्हीच म्हणायचात.

मी व्हायोलावाली, तीही शेवटच्या जोडीतली, दोघींत एक स्टँड आणि अगदी मागची खुर्ची. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण, घरातलं सगळं करणारी आणि फोटोत मागे उभी राहणारी. मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. रिहर्सल चालू असताना तुम्ही मध्येच छडी खाली ठेवायचात, ‘तुमचं चालू द्या’ म्हणायचात, आणि खुर्च्यांमधून वाट काढत मागे येऊन बसायचात, ऐकायला. ही तुमची रीत सगळ्यांना ठाऊक होती, मला नव्हती. त्या दिवशी माझ्या जोडीदारणीला फ्लू झालेला, तिची खुर्ची रिकामी, आणि तुम्ही येऊन बसलात माझ्या शेजारी. पोस्टरवरचा माणूस शेजारी येऊन बसतो आणि विचारतो काय, “इथून काय ऐकू येतं?”

मी घाबरून खरं बोलून गेले. “इथून नुसते ट्रम्पेट ऐकू येतात. तुम्ही दिसता, पण तुमचं म्हणणं इथवर पोचत नाही.”

तुम्ही उठून पुढे गेलात, ट्रम्पेटवाल्यांना दम दिलात, आणि त्या दिवसापासून ब्रेकमध्ये चहाचा कप घेऊन माझ्याकडे यायला लागलात. “शेवटच्या बाकाचं आज काय मत?” बाकीचे हसायचे. मला लाज वाटायची, पण मत विचारलं की मी देणारच, तो माझा स्वभाव. आई म्हणते, हिच्या जिभेला हाड नाही.

केवढे प्रसिद्ध होतात हो तुम्ही. सुपरमार्केटमध्ये पैसे द्यायला उभं राहिलं की च्युइंगगमच्या शेजारी तुमच्या सीडी. टॅक्सीवाले तुमच्याकडून भाडं घ्यायचे नाहीत, आणि तरी तुम्ही शहरात गाडी आणायच्या त्या कंजेशन चार्जच्या नावानं बोटं मोडायचात. उन्हाळ्यातल्या त्या मोठ्या गोल हॉलच्या कॉन्सर्टना लोक सकाळपासून घडीच्या खुर्च्या आणि सँडविचेस घेऊन रांगेत बसायचे, कशासाठी, तर आत उभ्याच्या स्वस्त तिकिटावर पुन्हा दोन तास उभं राहायला. एकदा घराजवळ, क्रॉयडनला, मी भाजीच्या पिशव्या घेऊन ट्रामची वाट बघत होते. ट्राम आली ती अख्खी तुमच्या चेहऱ्याच्या जाहिरातीनं रंगवलेली. दार उघडलं ते नेमकं तुमच्या कानात. मी कानातून आत शिरले आणि घरी पोचेपर्यंत हसत होते. दुसऱ्या दिवशी सांगितलं, तर तुम्ही विचारलंत, “केस नीट आले होते का?”

तुम्हाला प्रसिद्धी आवडायची आणि ते तुम्ही लपवायचा नाहीत. ‘मला काही त्याचं कौतुक नाही’ म्हणणारे मोठे लोक मी बरेच पाहिलेत, आणि पेपरात फोटो आला नाही की त्यांचे पडलेले चेहरेही. तुम्ही सरळ म्हणायचात, मला टाळ्या लागतात, जशी तुझ्या आईला दुपारची झोप लागते.

सगळ्यात जास्त टाळ्या तुमच्या त्या हात खाली सोडण्याला होत्या. संथ भागात तुम्ही छडी स्टँडवर ठेवून हात सोडून द्यायचात आणि आम्ही आमचे वाजवत राहायचो. तुम्ही नुसते ऐकत उभे. हॉलमध्ये श्वास ऐकू येईल अशी शांतता. लोक ते बघायला यायचे. पोस्टरवर तोच फोटो, सीडीवरही तोच. रिहर्सलची तुमची सवय होती ती, बाकी काही नाही, पण लोकांनी तिची दंतकथा केली.

आईला पहिल्यांदा कॉन्सर्टला आणलं, तेव्हा नेमकं तेच झालं. मध्यंतरात ती मला म्हणाली, “अगं, हे तर काहीच वाजवत नाहीत. आणि आता तर हातही हलवेनात. मग टाळ्या कसल्या यांना?” मी तुम्हाला ते जसंच्या तसं सांगितलं. तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. मग आईचा हात धरून म्हणालात, “मॅडम, पन्नास वर्षं मी हाच प्रश्न कुणी विचारू नये म्हणून केस वाढवलेत.” आईला भाषांतर करून सांगितलं. ती म्हणाली, “बुवा प्रामाणिक आहेत.” तेव्हापासून बुवा.

आणि ते व्हिसा ऑफिस आठवतं ना? आईचा मुक्काम वाढवायचा होता. तुम्ही म्हणालात, मी येतो, मला रांगांचा अनुभव आहे. मनातून तुम्हाला वाटत होतं की तुमच्या नावानं काम पटकन होईल, खोटं बोलू नका. सकाळी ईस्ट क्रॉयडनला उतरलात, डोक्याला टोपी, ओळखू येऊ नये म्हणून. आत गेल्यावर टोपी काढलीत. कुणी बघितलं नाही. केसांवरून हात फिरवलात. तरी कुणी नाही. रांगेत घानाचे, कोलंबियाचे, श्रीलंकेचे लोक, ज्याला त्याला आपल्या कागदांची पडलेली. तुम्ही अगदी लहान मुलासारखे हिरमुसलात. आईनं पिशवीतून डबा काढून तुमच्या हातावर बेसनाचा लाडू ठेवला. तुम्ही तो खात म्हणालात, “या देशात मी पहिल्यांदा उभा राहिलो तो अशाच रांगेत. तेव्हाही मला कुणी ओळखत नव्हतं.” निघताना दारावरच्या गार्डनं तुमची सही मागितली, आणि तुमचा चेहरा असा उजळला की आई मला मराठीत म्हणाली, “झालं, बुवांचं जेवण झालं.”

प्रसिद्धीवरून आपला वाद कधी मिटला नाही. तुमचं म्हणणं, माझा चेहरा म्हणजे दुकानाची पाटी. लोक पाटी बघून आत येतात आणि घरी जाताना माल घेऊन जातात, तर पाटीचा राग कशाला? माझं म्हणणं, पाटी एवढी मोठी झाली की आत काय मिळतं ते कोण बघणार? तुम्ही म्हणायचात, तुझा पगार त्या पाटीवर चालतो. मी म्हणायचे, म्हणूनच बोलते. यावर तुम्ही हंगेरियनमध्ये काहीतरी पुटपुटायचात आणि मी मराठीत.

त्यातूनच ती गोष्ट निघाली. एकदा चहा पिताना, नेहमीची थट्टा न करता, तुम्ही म्हणालात, “एक काम सांगतो. ज्या दिवशी तुम्ही सगळे माझ्याकडे न बघता लीडरकडे बघून वाजवाल, त्या दिवशी मला येऊन सांगायचं.”

वाजवणाऱ्यांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. लीडर म्हणजे पहिल्या व्हायोलिनांचा म्होरक्या. कंडक्टरचा हात डळमळला, त्याला काय हवंय ते कळेनासं झालं, की अख्खा ऑर्केस्ट्रा गुपचूप लीडरच्या गजाकडे बघून वाजवतो. श्रोत्यांना पत्ता लागत नाही. पोडियमवरूनही कळत नाही, कारण सगळ्यांच्या माना आधीच खाली असतात.

“मलाच का सांगता?” मी विचारलं.

“कारण टाळ्यांवरून मला आता काही कळत नाही. मी नुसता जिना चढलो तरी टाळ्या पडतात. आणि बाकीच्यांचं माझ्यावर प्रेम आहे.”

“आणि माझं नाही?”

“तुझं आहे. पण तुला गप्प बसता येत नाही.”

पुढच्या हिवाळ्यात तुम्ही आजारी पडलात. बरे होऊन आलात तेव्हा उजवा खांदा उतरलेला, आणि डाव्या बाजूनं कुणी बोललं की ऐकू न येताच तुम्ही उगाच मान डोलवायचात. पहिल्याच कॉन्सर्टला संथ भागात तुमचा हात हरवला. कुठे ठोका, कुठे नाही, काही कळेना. मग तुम्ही छडी ठेवलीत आणि हात खाली सोडलेत. लोकांना वाटलं, आलं, तेच आलं, ज्यासाठी रांगेत बसलो तेच. आम्हाला दिसत होतं की या वेळी तुम्ही ऐकत नव्हतात. तुम्ही शोधत होतात. लीडरनं गज जरासा उंच धरला आणि आम्ही सगळे त्याच्या मागे गेलो. शेवटी लोक उभे राहिले ते खाली बसायलाच तयार नव्हते. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, इतकं खोल मौन यापूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

ड्रेसिंग रूममध्ये लीडर एवढंच म्हणाला, “आपण सांभाळून घेऊ.” सगळ्यांनी माना हलवल्या. त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. पण तुम्ही काम मला सांगितलं होतंत.

त्या रविवारी मी कॅमडेनला तुमच्या घरी आले. तुम्ही स्वयंपाकघरात, लाल पाप्रिकाचं कालवण ढवळत. तुमची बायको मार्गारेट मागे बागेत. आईनं दिलेला चिवड्याचा डबा टेबलावर ठेवला आणि कोट न काढताच सांगून टाकलं. “बुवा, परवा आम्ही लीडरकडे बघून वाजवलं. सगळ्यांनी.”

तुम्ही ढवळायचे थांबला नाहीत. “परवा अख्खा हॉल उभा राहिला होता. ते सगळे बहिरे का?”

“ते डोळ्यांनी ऐकतात. तुम्हीच शिकवलंय त्यांना तसं.”

मग तुम्ही वळलात. तुमचा तो चेहरा मी कधी पाहिला नव्हता. “शेवटच्या बाकावरून तुला काय दिसतं गं?” म्हणालात. “एवढी वर्षं वाजवतेस आणि अजून तिथेच बसतेस. जा तू.”

ते लागलं, बुवा. त्या बाकावर येऊन बसायचं ते तुम्ही, मत विचारायचं ते तुम्ही. मी उलट काही बोलले नाही, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच. ट्रेनमध्ये क्रॉयडनपर्यंत रडत गेले, समोरचा माणूस पेपर तोंडासमोर धरून बसला. आईला सांगितलं. ती म्हणाली, “सांगितलंस ते बरं केलंस. पण त्यांचं जेवण होऊ द्यायचंस.”

पुढच्या महिन्यात तुम्ही जाहीर केलंत की आता थांबणार. एकच कॉन्सर्ट आणि बस. कारण कुणालाच सांगितलं नाहीत. पेपरवाल्यांनी ‘शिखरावर असताना निरोप’ असं लिहिलं. रिहर्सलला तुम्ही एकदाही मागे आला नाहीत. ब्रेकमध्ये माझा चहा मी एकटीच प्यायले.

शेवटच्या कॉन्सर्टची तिकिटं केव्हाच संपलेली. लोक पायऱ्यांवर बसलेले, कुणाच्या हातात फुलं, कुणी तुमच्या सगळ्यात जुन्या रेकॉर्डी छातीशी धरून आलेले. शेवटचा सूर विरला आणि जे सुरू झालं त्याला टाळ्या म्हणायला जीभ वळत नाही. तुम्ही वाकलात, पुन्हा वाकलात. मग नेहमीसारखे आमच्याकडे वळलात आणि हात वर केलात, उठा, हे तुमचंही आहे. लीडरनं मान हलवली. कुणी उठलं नाही. सगळे बसून, गज स्टँडवर आपटत, पाय जमिनीवर घासत. इथल्या ऑर्केस्ट्राची ही रीत आहे: कंडक्टर उठा म्हणाला तरी उठायचं नाही, म्हणजे टाळ्या त्याच्या एकट्याच्या होतात. याहून मोठा मान आमच्याकडे नाही. आम्ही तो कुणालाही देत नाही.

मला हे माहीत होतं. आधी ठरलंही होतं. आणि तरी मी उठले.

आता ऐका. मी मुद्दाम उठले नाही. आमच्या घरी मोठं माणूस निघालं की सगळे उठतात. जेवत असलो तरी उष्ट्या हातानं उठून दारापर्यंत जातो. आईनं हे आम्हाला कधी शिकवलं नाही, आम्ही ते बघतच मोठे झालो. तुम्ही निघाला होतात, आणि उठा म्हणून हात वर केला होतात. माझे पाय मला विचारायला थांबले नाहीत. जोडीदारीण माझा काळा ड्रेस खाली ओढत कुजबुजली, “सिट डाउन, फॉर गॉड्स सेक.” तुम्ही नेमकं त्याच वेळी मागे बघितलंत. एवढ्या बसलेल्या माणसांत एक उभी, आणि ती मी. तुम्ही तोंड फिरवलंत.

नंतर मला लोक जे बोलले ते लिहीत नाही. भांडणाची कुणकुण सगळ्यांना होती. मी तुमच्या खोलीकडे यायला निघाले, तर कॉरिडॉरमध्ये तुमचे चाहते भिंतीपासून भिंतीपर्यंत. तुमची प्रसिद्धी एवढी होती, बुवा, की मला तुमच्यापर्यंत पोचताच आलं नाही. पुढे फोन केले. कधी तुम्ही झोपलेले, कधी डॉक्टर आलेले. मार्गारेट छान बोलायची, पण तिच्याकडे असला निरोप कसा ठेवणार? हे समोर बसून सांगायचं होतं. सांगू सांगू म्हणता तुम्ही हॉस्पिटलात गेलात, आणि गेल्या आठवड्यात सकाळी चहा करताना रेडिओवर तुमचं नाव आलं. भूतकाळात. आई देवापाशी जाऊन बसली. मी गॅस बंद करायला विसरले.

अंत्यविधीला बाहेर अनोळखी लोकांची गर्दी होती, लांबवर, पावसात. आत आम्ही थोडेच. मी मागेच बसले. संपल्यावर मार्गारेट सरळ माझ्याकडे आली. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलणार. तिनं माझे दोन्ही हात धरले.

“त्या संध्याकाळचं तो येईल त्याला सांगायचा,” ती म्हणाली. “नर्सला, पोस्टमनला, सगळ्यांना. म्हणायचा, शेवटच्या दिवशी मी हात वर केला, आणि माझ्या अख्ख्या ऑर्केस्ट्रात एकच जण माझ्या हाताकडे बघत होती. मग तोंड फिरवलं मी, म्हणे. लोकांसमोर रडायचं नव्हतं.”

मी तिथे भिंतीला टेकून रडले. कितीतरी वेळ. मार्गारेट धरून उभी होती.

म्हणजे तुम्हाला कळलं होतं. मी वर्षभर उगाच झुरले, आणि तुम्ही तिकडे पोस्टमनला गोष्ट सांगत होतात. एक फोन करता आला नाही तुम्हाला? करायला हवा होतात. हा वाद मी वर आल्यावर पुरा करणार आहे.

पण तुम्हाला जे कळलं ते अर्धंच आहे. उरलेलं मार्गारेटला माहीत नाही, लीडरला नाही, कुणालाच नाही. त्या संध्याकाळी सगळे पहिल्या सुरापासून लीडरकडे बघून वाजवत होते, तुम्हाला सांभाळून नेत होते. मी नव्हते. मी पहिल्यापासून तुमच्याच हाताकडे बघत होते. तो थांबला तिथे थांबले, घाईत पुढे गेला तिथे गेले, संथ भागात त्याच्याबरोबर दोनदा साफ चुकले. जोडीदारणीनं डोळे वटारले, तरी मी मान वळवली नाही. वाजवायला लागल्यापासून मी कधी इतकं वाईट वाजवलं नाही, बुवा, आणि मला कधी इतकं बरं वाटलं नाही.